कोपऱ्यातला आकडा

सतरा नोव्हेंबर १९९८, मंगळवार. सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. मी क्लासचे पेपर तपासत बसलो होतो. सकाळपासून हा चौथा फोन होता आणि आधीचे तिन्ही विजयमालासाठी होते. विजयमाला माझी बायको. ती रक्त देणाऱ्या लोकांची यादी ठेवायची. साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत कुणाला अवघड गटाचं रक्त लागलं की आमच्या सदरबझारातल्या घरी फोन यायचा आणि ती माणूस शोधून पाठवायची. चार दिवसांसाठी ती माधवनगरला बहिणीकडे गेली होती, म्हणून फोन मला घ्यावे लागत होते. मी वैतागलेला होतो. रिसीव्हर उचलून समोरच्याला बोलू न देताच म्हणालो, "बाई घरी नाहीत. पेशंटचं नाव आणि गट सांगा, चिठ्ठी लिहून ठेवतो."

पलीकडून आवाज आला, "भाऊसो, मी अर्जुना. चिठ्ठी नको. तुमी सांगलीला या."

अर्जुना माझा साडू, माधवनगरच्या मिलमध्ये होता. त्यानं सांगितलं ते असं. विजयमाला सकाळी न्हाणीघरातून बाहेर आली, डोकं दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. रिक्षानं दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. मी फोन ठेवला तेव्हा समोरच्या कागदावर 'पेशंट' एवढा एक शब्द लिहिलेला होता. तो कधी लिहिला ते मला आठवत नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, पण फोन थांबले नाहीत. साताऱ्यातल्या लोकांना माहीत होतं. पण विटा, तासगाव, पलूस, शिराळ्याकडच्या लोकांना कुठून कळणार? बाई आहेत का, असं विचारायचे. पहिल्या दोघांना मी खरं सांगितलं. एक बाई फोनवरच रडायला लागली, आणि तिच्या पेशंटला रक्त लागत होतं ते राहूनच गेलं. मलाच तिची समजूत काढावी लागली. त्यानंतर मी सगळ्यांना 'घरी नाहीत' एवढंच सांगू लागलो. खोटं नव्हतं.

सैन्याच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. मशीनशी माझं जमतं, माणसांशी फोनवर बोलणं जमत नाही. त्या घरात दोघांत बोलणारी एकच होती. मी ठरवलं, ही यादी मशीनवर टाकायची आणि उत्तर मशीननं द्यायचं. मग मला बोलावं लागणार नाही.

अर्जुनाची मुलगी मयूरी सांगलीच्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटरवर होती. पेढीतल्या पिशव्यांचा साठा तिच्या मशीनवर असायचा. तिला मी फोनवर सांगितलं, तिनं लगेच उचलून धरलं. ती म्हणाली, काका, माणसाला मध्ये घ्यायचंच नाही. आमच्याकडं एखादा गट संपला की आमचं मशीन टेलिफोनवरून तुमच्या मशीनला विचारेल, तुमचं मशीन नावं आणि नंबर पाठवेल, ते आमच्या पडद्यावर दिसतील. मी म्हटलं, इंटरनेटवर असतं तसं? ती म्हणाली, तसंच, फक्त आपल्या दोघांपुरतं. पण आधी नुसता सांगाडा उभा करू. यादी नाही, काही नाही. मी विचारायचं, तुम्ही 'आहे' एवढं उत्तर द्यायचं. ते चाललं की मग त्यात माणसं भरू.

नुसतं 'आहे' म्हणायला तेवीस दिवस लागले.

घरात फोनची लाइन एक. मयूरीच्या मशीननं फोन लावला की माझ्या मशीनला जोडलेल्या मॉडेमनं तो उचलायचा. त्या वेळात आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हतं. म्हणून ती आधी साधा फोन करायची, काका आता लावते, मग ठेवायची. मग मशीन फोन लावायचं, मॉडेम किंचाळायचा, काहीतरी व्हायचं किंवा व्हायचं नाही. मग लाइन तुटायची, ती पुन्हा साधा फोन करायची.

"काय आलं?" मी विचारायचो.

"काही नाही आलं."

"काही नाही म्हणजे कोरं आलं का चूक आली?"

"काका, काही नाही म्हणजे काही नाही. तुम्ही काय बदललं?"

मी काही बदललेलं नसायचं. मागच्या वेळी निदान चुकीचा संदेश आला होता, आता तोही नाही. याचा अर्थ सुधारलं का बिघडलं यावर आमचं भांडण व्हायचं. तेवढ्यात वीज जायची.

सर्व्हरचं, म्हणजे माझ्या मशीनला उत्तर द्यायला लावणाऱ्या प्रोग्रामचं, सगळं सामान पुण्याहून आणलेल्या मासिकाबरोबरच्या सीडीवर होतं. पुस्तक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. पुस्तकात लिहिलं होतं की उत्तर देणाऱ्या प्रोग्रामनं आधी आपण काय पाठवतोय ते एका ओळीत सांगायचं, मग एक ओळ रिकामी सोडायची, मग उत्तर. मला वाटलं रिकामी ओळ छापखान्यानं वाचायला सोपं जावं म्हणून सोडली असेल. मी ती गाळली. चार दिवस सर्व्हर मला 'आतली चूक' एवढंच सांगत होता. आतली म्हणजे कुठली, ते नाही. सैन्यात असा रिपोर्ट कुणी दिला असता तर त्याला मी मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. रिकामी ओळ घातल्यावरही चालेना. मी प्रोग्राम क्लासमधल्या दुसऱ्या मशीनवर टाइप करून फ्लॉपीनं आणत होतो, आणि त्या मशीनची सवय अशी की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण ठेवायची. ती पडद्यावर दिसत नाही, पण सर्व्हरला दिसते आणि तो अडतो. न दिसणाऱ्या खुणेसाठी आणखी सहा दिवस गेले.

शिवाय मॉडेम सारखा लावलेला. चार घंट्या झाल्या की तो फोन उचलणार, मग पलीकडे मयूरीचं मशीन असो की एखाद्या पेशंटचा भाऊ. चार घंट्यांच्या आत मी पोचलो तर बरं. नाही पोचलो तर त्या माणसाच्या कानात शिट्टी. शेजारच्या अंबूबाई एके दिवशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवं भाऊसो, तुमच्या फोनमदी काय किंचाळतंय? लोकं माज्या घरला फोन करायल्यात. म्हंत्यात, बाईंच्यात कोंबडं कापाय घेतलंय का काय."

मी म्हटलं, मशीन आहे. त्या म्हणाल्या, मशीन हाय ते कळलं, पर माणूस हाय का न्हाई घरात? खरं सांगायचं तर कधी कधी मी खोलीतच असायचो आणि चार घंट्या होऊ द्यायचो.

तेविसाव्या दिवशी मयूरीचा फोन आला आणि ती म्हणाली, "आलं. 'आहे' आलं." विजयमाला असती तर म्हणाली असती, 'एवढं कशासाठी? मला विचारलं असतंत तर मीच 'आहे' म्हटलं असतं.'

मग यादी. बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे होते. आत जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली कार्डं, एकूण चारशे बारा. प्रत्येकावर नाव, गाव, गट आणि फोन नंबर. बहुतेक नंबर पी.पी., म्हणजे शेजारच्या घराचा, दुकानाचा, गिरणीचा. मागच्या बाजूला रक्त दिल्याच्या तारखा. आणि पुढच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात लाल शाईत एक आकडा. ११.१०. १३.४०. ६.५०. असे.

डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. एकाच डब्यात सगळे गट मिसळलेले, नावंही लावलेली नाहीत. बारा वर्षं ही यादी चालवली आणि साधा गटवार डबा करता आला नाही, म्हणून मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला की तो कुठे ठेवायचा कळत नाही. मी तो कार्डांवर काढला. सातही डबे सतरंजीवर ओतले, आठ गटांचे आठ ढीग केले आणि अकारविल्हे लावून टाइप करायला बसलो.

लाल आकडा काय आहे ते कळेना. मयूरीला विचारलं. ती म्हणाली, रक्त घेण्याआधी हिमोग्लोबिन बघतात, ते असणार. आमच्याकडं साडेबाराच्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. मावशीनं म्हणूनच लाल शाईनं लिहिलं असेल. मला पटलं. एका कार्डावर १९.१५ निघालं. मी म्हटलं, एवढं असतं का गं कुणाचं? ती म्हणाली, असेल कुणीतरी मिलिटरीतला, आणि हसली. मीही हसलो. नोव्हेंबरनंतर मी हसल्याचं मला ते एवढंच आठवतं. मग आम्ही प्रोग्राममध्ये घातलं की साडेबाराच्या खालच्यांची नावं पाठवायचीच नाहीत. उगाच अशक्त माणसाला सांगलीपर्यंत कशाला हेलपाटा?

फेब्रुवारीत यादी चालू झाली. मयूरीनं गट विचारला की अर्ध्या मिनिटात नावं जात होती. तिच्या साहेबांनी येऊन बघितलं, पेढे मागितले. मी मॉडेमच्या घंट्या चारच्या दोन केल्या. फोन वाजायला लागला की बंदही व्हायचा. घर शांत झालं.

नऊ मार्चला सकाळी सव्वादहाला फोन दोन घंट्यांच्या आत मीच उचलला. फोनजवळ होतो म्हणून. मयूरी होती. आवाज वेगळा होता. अंजना नावाची पंचवीस वर्षांची बाई, बाळंतपणात अडलेली, रक्त जातंय. गट बी निगेटिव्ह. पेढीत एक पिशवी होती, ती दिली. अजून दोन तरी लागणार. मशीननं दोनच नावं दिली होती. पहिल्या नावाचा नंबर लावला तर तो लेहला ड्युटीवर. दुसऱ्याचा पी.पी. नंबर सायकलच्या दुकानाचा, तिथं कुणी उचलत नाही.

"काका, तुमच्याकडं बी निगेटिव्हची कार्डं किती आहेत?"

मी ढीग मोजला. नऊ.

"मग सात कमी हिमोग्लोबिनची? नवातली सात?"

तिला ते त्या क्षणी खटकलं. मला तोवर खटकलं नव्हतं. ती म्हणाली, जाऊ दे, इथं पुन्हा तपासू, त्यातला कुणीतरी पाठवा. सांगलीला जवळचा बघा. मी कार्डं बघितली. दोघांचे नंबर खोडलेले होते. विट्याजवळच्या एका गावचा गुंडा म्हणून होता, आकडा ११.१०. त्याचा पी.पी. पिठाच्या गिरणीचा. गिरणी चालू होती, त्यामुळे मालकाला ऐकू येईना. मी ओरडून नाव सांगितलं. तो म्हणाला, गुंडा रानात हाय, पोराला धाडतो, धा मिनटानं करा. दहा मिनिटांनी केला, गुंडा आला नव्हता. पुन्हा केला. अकरा वाजून वीस मिनिटांनी गुंडा फोनवर आला, धापा टाकत.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आवं मग आदी न्हाई का करायचा फोन. गाडी आत्ता गेली."

"कुठली गाडी?"

"माजी गाडी. अकरा धाची सांगली. कार्डावर ल्हिलंय की. माज्यासमोर लाल शाईनं ल्हिलं बाईनी. त्यांचा फोन कसा, गाडीच्या आदी अर्धा तास बरुबर यायचा."

कार्ड माझ्या हातात होतं. मी बघितलं. मग बाकीची बघितली. चारशे बारा आकड्यांत पॉइंटच्या पुढे एकही साठच्या वर नव्हता. १२.७५ नाही, १३.९० नाही. सतरा वर्षं मी सिग्नलमध्ये आकडे घेतले आणि पाठवले, आणि टाइप करताना मला हे दिसलं नव्हतं. तिचा हिशेब रक्ताचा नव्हता. कोण कुठल्या एसटीनं किती वाजता निघू शकतो, एवढाच होता. गट तिला पाठ होते. सात डबे म्हणजे सात रस्ते होते. आणि मी ते सतरंजीवर ओतून ठेवले होते.

"पुढची गाडी कितीला?" मी विचारलं.

"पावणेतीनला. तवर ती बाई ऱ्हाती का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, थांबा, उसाचा ट्रक भरतोय, बगतो. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "बाई कुठं हायत? तुमचा आवाज कदी आयकला न्हाई."

"घरी नाहीत," मी म्हणालो.

"मग आल्या की सांगा त्यास्नी. उद्या फोन करा म्हणावं, दर टायमाला करत्यात तसा, म्या गिरणीपाशी थांबतो सकाळी नवाला."

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

गुंडा ऊस भरलेल्या ट्रकवर बसून सांगलीला गेला. ट्रक रस्त्यात एकदा पंक्चर झाला. तो पेढीत पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याचं हिमोग्लोबिन चौदा पॉइंट दोन निघालं, ते मयूरीनं मला मुद्दाम सांगितलं. डॉक्टरांनी दुपारी दोनलाच आणखी रक्त नसताना ऑपरेशन केलं होतं, आणि अंजनाचा चेहरा कागदासारखा झाला होता. गुंडाची पिशवी तिला संध्याकाळी लागली. मिरजेहून आणखी एक मिळाली. अंजना वाचली. बाळ चार दिवस काचेच्या पेटीत होतं, मग तेही घरी गेलं. डॉक्टर मयूरीला सगळ्यांसमोर बोलले. ती मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाटलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, काका, चूक माझीपण आहे. हिमोग्लोबिन मीच म्हणाले. आता दुरुस्त करत बसू नका. पुसून टाका सगळं, पुन्हा सांगाड्यापासून सुरू करू. यावेळी आधी रस्ता, मग वेळ, मग गट. आत्ता किती वाजलेत ते मशीनला माहीत असतं. पुढच्या दोन तासांत कुणाची गाडी आहे तेवढीच नावं पाठवायची.

मी म्हटलं, तुझ्या मावशीला कुणी शिकवलं असेल हे? ती म्हणाली, कुणी नाही. ती पहिल्यांदा स्टँडवर रक्त देणाऱ्याची वाट बघत तीन तास बसली होती, तेव्हापासून वेळ लिहायला लागली. आईनं सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. आम्ही एका घरात होतो.

मग मी दिवसाआड साताऱ्याच्या स्टँडवर जाऊ लागलो. कार्ड आणि वेळापत्रकाचा फलक जुळवायचो. फलकावर अर्धी अक्षरं उडालेली, निम्म्या गाड्या बंद झालेल्या, नव्या कुठे लिहिलेल्या नाहीत. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, तुम्हाला नक्की जायचंय कुठं? मी म्हटलं, कुठंच नाही. औंधच्या रस्त्यावरच्या कार्डांसाठी मी स्वतः गाडीनं रहिमतपूरपर्यंत जाऊन आलो आणि कंडक्टरला गावोगावच्या वेळा विचारल्या. त्याला विजयमाला माहीत होती. तो म्हणाला, बाई स्टँडवर येऊन विचारायच्या, आज गाडी वेळेवर हाय का. त्या हल्ली कुठं दिसत नाहीत. गाडीला आवाज फार होता, म्हणून मी ऐकू आलं नाही असं केलं.

आता एप्रिल संपत आला. नवा सांगाडा 'आहे' म्हणायला तीनच दिवस लागले. चार रस्त्यांची कार्डं पुन्हा लागली. गेल्या आठवड्यात ए निगेटिव्हचं एक नाव मशीननं बरोबर गाडीच्या आधी पाऊण तास दिलं, आणि माणूस त्या गाडीनं गेला.

परवा मयूरीनं विचारलं की रक्त देऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मावशी फोन करायची, चक्कर आली का, नीट पोचलात का, जेवलात का, तेही करायला हवं ना? मी म्हटलं, ते मशीनला येणार नाही. ती म्हणाली, मशीन फक्त आठवण करील, कुणाला करायचा ते. फोन तुम्ही करायचा. मी म्हटलं, बघू. तिनं दुसऱ्याच दिवशी तो भाग लिहून पाठवला. रोज सकाळी नऊ वाजता पडद्यावर नाव येतं आणि फोन केला असं आपण सांगेपर्यंत जात नाही. पहिलं नाव गुंडाचं आहे.

तीन रस्त्यांची कार्डं लावायची राहिली आहेत. मॉडेमच्या घंट्या पुन्हा चार करायच्या राहिल्या आहेत. गुंडाला फोन केलेला नाही, आणि विजयमाला गेली हे त्याला अजून सांगितलेलं नाही.